हाफकिनसाहेब आणि मलकोवालची बाटली

श्रोतेहो, खेड्यापाड्यांतल्या माणसाला ‘हाफकिन’ हा शब्द नवा नाही. शेतात कुणाला पान लागलं आणि त्याला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं, की कपाटातून जी सर्पदंशावरची लस निघे, तिच्यावर कित्येक वर्षे परळच्या हाफकिन संस्थेचं नाव असे. लहान मुलांच्या पोलिओच्या थेंबांवरही तेच नाव दिसे. पण हाफकिन म्हणजे काय, असं कुणाला विचारून पाहा. कुणी म्हणेल औषधाचं नाव, कुणी म्हणेल कारखाना, कुणी म्हणेल मुंबईतलं एखादं ठिकाण. मुळात ते एका माणसाचं आडनाव आहे, आणि तो माणूस कोण, कुठला, त्याने आपल्याकडे येऊन काय केलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत क्वचितच सापडतं. आज मी त्यांचीच हकीकत सांगणार आहे. तीत एक बाटली येते, आणि त्या बाटलीपायी एकोणीस माणसांचा जीव गेला. त्या एकोणीस मरणांचा दोष कुणाच्या माथी मारला गेला आणि तो उतरायला पाच वर्षे कशी लागली, तेच मुख्यतः सांगायचं आहे.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी झाला. त्या वेळी तिथे रशियाच्या झारचं राज्य होतं. हाफकिन जातीने ज्यू. विद्यापीठात त्यांना मेच्निकॉव्ह यांच्यासारखा मोठा गुरू लाभला. शिष्य हुशार होता, पण ज्यू माणसाला तिथे प्राध्यापकाची जागा मिळायची तर धर्म बदलावा लागे. हाफकिन यांनी तो बदलला नाही. तरुणपणी झारशाहीविरुद्धच्या चळवळीत शिरून तुरुंगाची हवाही ते खाऊन आले होते. तेव्हा देश सोडण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. जिनिव्हाला गेले, तिथून १८८९ साली पॅरिसला. पाश्चरसाहेबांच्या जगप्रसिद्ध संस्थेत त्यांना पहिली जागा मिळाली ती ग्रंथपालाच्या मदतनिसाची. पुस्तकं लावायची, काढून द्यायची, आणि उरल्या वेळात प्रयोगशाळेतल्या एखाद्या कोपऱ्यात आपलं काम करायचं.

त्या कोपऱ्यात त्यांनी पटकीची लस तयार केली. पटकी म्हणजे कॉलरा. जुनी माणसं तिला जरीमरी म्हणत आणि तिच्या नावाने गावाबाहेर शेंदराचा दगड मांडत. जुलै १८९२ मध्ये त्यांनी ही लस पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, उतरला. मग मित्रांना टोचली. युरोपातल्या मोठमोठ्या मंडळींचा तिच्यावर विश्वास बसेना. तेव्हा जिथे पटकी दर साल माणसं नेते तिथेच जाऊन दाखवावं, म्हणून १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या बस्त्यांतून, आग्र्याकडच्या छावण्यांतून, आसामच्या चहाच्या मळ्यांतून दोन-अडीच वर्षांत त्यांनी चाळीस हजारांवर माणसांना लस टोचली. हा भाग मी भरभर सांगतो, कारण आपला त्यांच्याशी खरा संबंध येतो तो प्लेगमुळे.

१८९६ चा सप्टेंबर. मुंबईत मांडवी भागात धान्याच्या वखारी. तिथे उंदीर मरून पडू लागले आणि मागोमाग माणसांना काखेत, जांघेत गाठी उठून ताप येऊ लागला. हा प्लेग आहे, असं पहिल्यांदा ठामपणे सांगितलं ते डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्याचे, बार्देशातल्या हडफड्याचे. पुढे मुंबईने त्यांचा पुतळा उभारला. आज धोबीतलावाकडून जाणाऱ्यांपैकी किती जण मान वर करून तो कुणाचा हे वाचतात, देव जाणे. प्लेग आहे हे कळताच शहर रिकामं होऊ लागलं. गिरण्यांतले कोकणी, घाटी कामकरी बोचकी बांधून आगगाडीने आणि बोटीने गावी निघाले, आणि नकळत रोगही बरोबर घेऊन गेले. पिसवांतून प्लेग पसरतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ते सिमोंद नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत शोधलं. तोवर घरं धुणं, सामान जाळणं, माणसं वेगळी ठेवणं, एवढाच इलाज.

सरकारने हाफकिनना कलकत्त्याहून मुंबईला बोलावलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला. माणसं किती? एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या लवाजम्यावर त्यांनी तीन महिन्यांत जगातली प्लेगवरची पहिली चालणारी लस केली.

ती कशी केली हे ऐकण्यासारखं आहे, कारण तीत आपल्या घरातला एक जिन्नस आहे. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात तो गोमांसाचा करीत. हाफकिन यांनी बकऱ्याच्या मांसाचा केला, म्हणजे हिंदूला आणि मुसलमानाला दोघांनाही हरकत राहू नये. मग त्या रश्श्यावर त्यांनी साजूक तुपाचे थेंब सोडले. तूप वर तरंगतं. प्लेगचे जंतू त्या थेंबांना खालून चिकटतात आणि गुहेच्या छतावरून चुन्याचे सुळे लोंबावेत तसे खाली लोंबत वाढतात. भांडं हलवलं की ते गळून तळाशी बसतात, वर पुन्हा नवे लोंबू लागतात. असं पाच-सहा आठवडे चालायचं. पुष्कळ पीक आलं, की सगळं तापवून जंतू मारून टाकायचे आणि त्यात थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. मेलेले जंतू रोग देत नाहीत. पण शरीराला त्यांची ओळख पटते आणि खरे जंतू आले तर ते तयारीत असतं.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस गुपचूप स्वतःला टोचून घेतली. मात्रा थोडीथोडकी नव्हती. पुढे लोकांना जेवढी दिली तिच्या जवळजवळ चौपट. ताप भडकला, अंग ठणकलं, तरी हाफकिन कामावर हजर राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांना विचारण्यात आलं, कोण टोचून घेतो? निम्म्याच्या आसपास पुढे आले. टोचण्याच्याच दिवशी ज्यांना रोग झालेला होता ते सोडून देऊ. राहिलेल्यांपैकी टोचलेल्यांत दोघांना प्लेग आला, दगावला एकही नाही. न टोचलेल्यांत बारा जणांना आला आणि सहा दगावले.

आता तुम्ही म्हणाल, इतकं स्पष्ट दिसत होतं तर लोक रांगा लावून का गेले नाहीत? श्रोतेहो, त्या सालची हवा आठवा. मार्च १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच पुण्यात गोरे शिपाई घराघरांत घुसत होते, देवघरापर्यंत जात होते, बायकांचीही तपासणी करीत होते. आणि जूनच्या २२ तारखेला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ज्या सरकारचा शिपाई आज बूट घालून स्वयंपाकघरात आला, त्याच सरकारचा डॉक्टर उद्या सुई घेऊन आला, तर माणसाने त्याच्यापुढे दंड कशाला करावा? लोक अडाणी होते म्हणून भ्याले, असं पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. लोकांनी अनुभवावरून अदमास केला होता. खुद्द हाफकिन यांनाही जुलूम नको होता. ज्याला पटेल त्याने टोचून घ्यावं, हाच त्यांचा रिवाज. आगाखानांसारख्या पुढाऱ्याने आपल्या माणसांदेखत स्वतः सुई टोचून घेतली, तेव्हा मुंबईतले हजारो खोजे पुढे आले. आपल्यातलं माणूस पुढे झालं की लोक मागून येतात. सरकारी हुकमाने हे काम झालं नसतं.

त्याच साली पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या दमणमध्ये प्लेगने कहर केला. तिथले आकडे पाहा. वस्ती ८,२३० ची. त्यांपैकी २,१९७ जणांनी टोचून घेतलं. त्यांतले ३६ मेले. न टोचलेले ६,०३३. त्यांतले १,४८२ मेले. म्हणजे टोचलेल्यांत शंभरी दोनसुद्धा नाहीत, आणि न टोचलेल्यांत शंभरी जवळजवळ पंचवीस.

पण हाफकिन या आकड्यांवर खूष नव्हते, आणि माझ्या मते त्यांचा मोठेपणा इथे आहे. एखादा विरोधक म्हणेल, अहो, टोचून घेणारे शिकलेले, खाऊनपिऊन सुखी, हवेशीर घरांत राहणारे. ते तसेही वाचलेच असते. तुमच्या लशीने काय केलं? हा आक्षेप खोडायचा कसा? त्यांनी बडोदे संस्थानातलं एक खेडं घेतलं. नाव उंधेरा, बडोद्यापासून दोन-तीन कोसांवर. वस्ती हजाराच्या आतबाहेर. तिथे प्लेग नुकता लागला होता. फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन आणि बॅनरमन नावाचे डॉक्टर गावात गेले. गावच्या माणसांना कुटुंबवार समोर बसवलं, आणि एकेका घरातली निम्मी माणसं टोचली, निम्मी तशीच ठेवली. तीही अशी निवडली, की दोन्ही बाजूंना म्हातारी, तरणी, पोरं, बाया, धडधाकट, अशक्त सारखी पडावीत. म्हणजे घर एक, चूल एक, पाणी एक, उंदीर एक. फरक फक्त सुईचा.

सहा आठवड्यांनी ते पुन्हा गेले. मधल्या काळात २८ घरांत प्लेग येऊन गेला होता. त्या घरांत टोचलेली माणसं ७१, न टोचलेली ६४. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ मेली. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांना झाला आणि ३ मेली.

गुरुजी आणि बाई, हे आकडे उद्या फळ्यावर लिहाच. दोन रकाने करा आणि मुलांना त्रैराशिक घाला : न टोचलेल्या ६४ त २६ मेली, त्या हिशेबाने ७१ त किती मरायला हवी होती? उत्तर येईल २८ ते २९. मेली किती? तीन. मग राहिलेली पंचवीस-सव्वीस माणसं कुठे आहेत, असं मुलांना विचारा. ती उंधेऱ्यात आपापल्या शेतावर गेली होती. त्रैराशिकाचा इतका चांगला उपयोग दुसरीकडे सापडणं कठीण. मात्र एक चतुर मुलगा विचारील, की बाई, निम्म्यांना मुद्दाम न टोचता ठेवलं हे बरं झालं का? त्या मुलाला दटावू नका. आजच्या काळात असा प्रयोग करायचा तर गावकऱ्यांची संमती, समितीची मंजुरी, पुष्कळ गोष्टी लागतात, आणि त्या लागाव्यात हेच योग्य. त्या काळी सगळ्या जगात हा विचार नुकता कुठे सुरू होत होता.

त्यानंतर लशीचं काम वाढलं. हुबळीला, जे तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं, १८९८ साली गावच्या गाव टोचून घेतं झालं. ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्लेगची प्रयोगशाळा उघडली आणि हाफकिन तिचे मुख्य झाले. एका खोलीतून एवढ्या मोठ्या वाड्यात यायला तीन वर्षंसुद्धा लागली नाहीत. आता सगळं सुरळीत चालायचं. पण तसं झालं नाही.

१९०२ साली पंजाबात प्लेग फार माजला. तिथल्या सरकारने ठरवलं की लाखोंना टोचायचं, आणि परळकडे लशीची मागणी केली. एवढी लस जुन्या पद्धतीने वेळेत होईना. म्हणून हाफकिन यांनी रीत थोडी बदलली. रश्श्याऐवजी अगर-अगरचा, म्हणजे समुद्रातल्या शेवाळापासून काढतात त्या चिकाचा, थर वापरायचा, आणि लशीत कार्बोलिक न घालता नुसत्या उष्णतेनेच जंतू मारायचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही हीच रीत होती. शास्त्रात तिला बाध नव्हता. पण ‘हाफकिनने कार्बोलिक काढून टाकलं’ हे वाक्य पुढे त्यांच्या गळ्याला लागणार होतं.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातलं मलकोवाल गाव. आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथे १०७ जणांना लस टोचली. पाच बाटल्या उघडल्या. आठवडा गेला आणि काही जणांचे जबडे धरू लागले. मग मान ताठ, पाठ धनुष्यासारखी वाकडी. श्रोतेहो, हे काय, हे मी सांगायला नको. बाळंतिणीला किंवा खिळा लागलेल्या माणसाला धनुर्वात झालेला ज्याने एकदा पाहिला, तो जन्मात विसरत नाही. अशी एकोणीस माणसं झाली. एकोणीसही मेली. आणि एकोणीसही एकाच बाटलीतली टोचलेली होती. बाटलीवरचा अंक ५३-एन. बाकीच्या चार बाटल्यांनी कुणाला काही झालं नाही.

ही एकोणीस माणसं प्लेगच्या भीतीने, डॉक्टरच्या शब्दावर विश्वासून दंड पुढे करून बसली होती. हाफकिनवर अन्याय झाला हे मी आता सांगणारच आहे, पण त्याआधी ही माणसं मनात असू द्या. त्यांच्याबद्दल पुढच्या सगळ्या वादात फारसं कुणी बोललं नाही.

धनुर्वाताचा जंतू त्या बाटलीत शिरला, यात शंका नव्हती. प्रश्न एवढाच, की शिरला कधी? परळला बाटली भरताना, की मलकोवालला बाटली उघडताना? सगळा खटला या एका प्रश्नावर होता. सरकारने चौकशी मंडळ नेमलं. अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स. मंडळाने निकाल दिला, की बाटली मलकोवालला उघडण्याच्या आधीच दूषित होती. म्हणजे दोष परळचा. म्हणजे दोष हाफकिनचा. त्यांना कामावरून दूर करण्यात आलं. १९०४ साली ते लंडनला निघून गेले. हे एखाद्या इंग्रज डॉक्टरच्या बाबतीत इतक्या लवकर झालं असतं का, असं पुष्कळांना तेव्हा वाटलं आणि मलाही वाटतं. हाफकिन परके होते, ज्यू होते, रशियाचे होते, आणि वैद्यकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ते प्राणिशास्त्राचे विद्वान. साहेबी डॉक्टरांच्या मंडळीत ते कधीच पुरते बसले नाहीत.

आता पुरावा काय होता तो आपण पाहू. आपणच पंच होऊन बसू या.

परळला भरल्यापासून मलकोवालला उघडेपर्यंत त्या बाटलीला एकेचाळीस दिवस झाले होते. धनुर्वाताचा जंतू आत असता, तर एकेचाळीस दिवसांत तो बेसुमार वाढला असता. ताक चार दिवस उघडं राहिलं तरी नाकाला कळतं. धनुर्वाताच्या जंतूंना तर फारच उग्र घाण येते. पण बाटली उघडणाऱ्या डॉक्टरने शपथेवर सांगितलं, की मी नियमाप्रमाणे वास घेऊन पाहिला आणि वास आला नाही. हा एक मुद्दा.

दुसरा. एकेचाळीस दिवस जंतू वाढला असता तर बाटलीभर त्याचं तयार विष झालं असतं. तयार विष टोचलं तर माणूस लवकर, दोन-तीन दिवसांत आखडू लागतो. मलकोवालच्या माणसांना त्रास सुरू व्हायला आठवडा लागला. म्हणजे विष तयार नव्हतं. थोडेसे जंतू नुकतेच आत पडले असावेत आणि त्यांनी माणसाच्या अंगात गेल्यावर विष केलं असावं.

आणि तिसरा मुद्दा सगळ्यांत साधा. बाटलीचं बूच काढताना मलकोवालला डॉक्टरच्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात जरा हलवला, आणि त्याच चिमट्याने बूच काढलं. धनुर्वाताचं बी कुठे असतं? शेणखताच्या मातीत, गोठ्यात, घोड्याच्या लिदीत, गावच्या रस्त्यावर. चिमटा पाण्यात दोन क्षण बुचकळून ते मरत नाही. ते फार चिवट असतं. ही चिमट्याची गोष्ट कुणी दडवलेली नव्हती. ती चौकशीच्या साक्षींतच होती. मंडळापुढे ती आली, आणि तिला जेवढं महत्त्व द्यायला हवं होतं तेवढं दिलं गेलं नाही, इतकंच.

बरं, हे कागद लोकांना पाहायला मिळते तर कुणीतरी लगेच बोट ठेवलं असतं. पण सरकारने ते लवकर छापलेच नाहीत. छापून आले तेव्हा चार वर्षे उलटून गेली होती. मग मात्र ज्यांना कळत होतं ते उठले. पुढे झाले रोनाल्ड रॉस. हे तेच, ज्यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला आणि १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळवलं. त्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात लिहायला सुरुवात केली, आणि जुलै १९०७ मध्ये दहा नामांकित जंतुशास्त्रज्ञांनी एकत्र सही करून त्याच पत्रात जाहीर केलं, की हाफकिनवरचा आरोप सिद्ध झालेला नाही, उलट पुरावा बाटली मलकोवालला दूषित झाली याच बाजूचा आहे. त्या सालच्या अखेरीस सरकारने माघार घेतली. हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे लागली.

त्या पाच वर्षांत पंजाबात काय झालं, हेही सांगितलं पाहिजे. मलकोवालची बातमी पसरली आणि लोकांनी टोचून घेणं सोडलं. त्यात सरकारच्याच मंडळाने म्हटलं, की खोट बाटली भरणाऱ्या कारखान्यात आहे. मग दुसऱ्या बाटलीवर विश्वास कुणी ठेवावा? चिमटा पडला असं म्हटलं असतं तर चिमट्याचा बंदोबस्त झाला असता आणि लस चालू राहिली असती. १९०७ या एका सालात पंजाबात सहा लाखांवर माणसं प्लेगने मेली. त्यांतली किती लशीने वाचली असती हा हिशेब कुणाला मांडता येणार नाही. पण उंधेऱ्याचे दोन रकाने फळ्यावर असले, तर मुलांना अंदाज येईल.

हाफकिन परत आले. पण परळला नव्हे, कलकत्त्याला. जी प्रयोगशाळा त्यांनी एका खोलीतून वाढवली होती ती आता दुसऱ्यांच्या हाती होती. कलकत्त्यात त्यांना गावोगाव फिरून टोचण्याचं काम पुन्हा मिळालं नाही. टेबलावरचं संशोधन तेवढं राहिलं. १९१४ च्या सुमारास, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास, ते नोकरीतून मोकळे होऊन युरोपात गेले. इकडे परळहून मात्र लस जातच होती. १८९७ ते १९२५ या काळात त्यांच्या लशीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा मुंबईहून बाहेर पडल्या.

१९२५ साली त्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आलं. माणूस जिवंत असताना संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं, हे विशेष. कळवणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांनी उलट टपाली लिहिलं, की आयुष्यातली उत्तम वर्षे मुंबईच्या कामात गेली आणि त्या कामाशी जे जे निगडित आहे ते माझ्या लेखी काय आहे, हे सांगायला नको. मलकोवालचा त्यात उल्लेख नव्हता, तक्रारही नव्हती.

१९६४ साली आपल्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. ते पाहायला हाफकिन नव्हते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी ते वारले होते. जो धर्म सोडला असता तर तरुणपणी ओडेसातच त्यांना प्राध्यापकाची खुर्ची मिळाली असती, त्या धर्माच्या पाठशाळांना त्यांनी आपला मागे राहिलेला पैसा ठेवला.